पितळी सहा, निळा सहा

"सहा अंकाचं गं घर, सहा ऋतूंचं अंगण,
माझ्या शिवराजाच्या दारी चंद्रसूर्याचं तोरण."

वेंकूबाईंचा हा सूर त्यांच्या मुलाच्या कानात पंधरा वर्षं जसाच्या तसा राहिला होता. त्र्याऐंशी साली, गृहप्रवेशाच्या पहाटे, भिंतींचा चुना अजून ओला होता. म्हातारीनं दारावरच्या पितळी सहाला कुंकू लावलं आणि जात्यावर बसल्यासारखे डोळे मिटून ही ओवी म्हटली. पुढच्या पोंगलला ती राहिली नाही. तेव्हापासून तंजावुरातल्या पुदु आरू कालव्यासमोरच्या त्या बारा घरांच्या ओळीत बाकीच्यांच्या दारावर नंबर होता, शिवराजरावांच्या दारावर आईचा हात होता.

शिवराजराव वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वरीचं, म्हणजे घरपट्टीचं, सगळं ज्ञान गल्लीत आपल्याकडं आहे असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. दर सहामाहीच्या पहिल्या दिवशी, एक एप्रिलला आणि एक ऑक्टोबरला, ते इस्त्रीचं वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, नेसून नगरपालिकेच्या खिडकीवर पहिला नंबर लावत. अठ्ठ्याण्णवच्या जुलैत नव्या आकारणीचे फॉर्म घरोघरी आले, तेव्हा सगळी गल्ली फॉर्म घेऊन त्यांच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसली.

"वरी म्हणजे काय, ते आधी समजून घ्या," शिवराजराव खुर्ची पुढं ओढून म्हणाले. "समजा, तुम्ही तुमच्याच घरात भाड्यानं राहता."

"मी कां भाड्यानं राहू? घर माझं आहे," पहिल्या घरातल्या सरस्वतीबाई म्हणाल्या.

"समजा म्हटलं मी."

"सरि, समजलं. भाडं घेणार कोण?"

"तुम्हीच."

"मग मीच मज देणार, मीच मजकडून घेणार. मधे मुन्सिपालिटीला काय काम?"

"तेच काम! वर्षाचं भाडं किती येईल ते मुन्सिपालिटी धरते. किती फूट, कुठला रस्ता, वर कौलं की सिमेंट. त्यावर वरी बसते. घर जुनं झालं की थोडं सुटतं. मालक स्वतः राहिला तर आणखी थोडं सुटतं."

"म्हणजे म्हातारं झालं की कमी लागतं. आमच्या डॉक्टरला सांगा हे."

हसण्याची एक लाट तिण्णैवरून कालव्यापर्यंत गेली. शिवराजराव विचलित झाले नाहीत. पाच वर्षांपूर्वीच्या आकारणीत आपली वरी जवळजवळ दुप्पट कशी झाली, हा त्यांचा आवडता विषय होता. तो त्यांनी काढला. "दिल्लीनं दारं उघडली. जगाचा वारा आत आला. हा वारा फुकट येत नाही, पा. घराघरात मोजला जातो."

"आमची तर एवढी वाढली नव्हती, अण्णा."

"तुमच्याकडं वारा कमी येतो."

भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. खोकला साधा नव्हता, हसू गिळल्यावर येतो तसा होता. शिवराजरावांनी तिकडं मान वळवली नाही. भिंतीपलीकडं रघोजी राहत होते, आणि रघोजींशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

खरं तर दोघं एका पाटीवर शिकलेले. प्लॉट शेजारी-शेजारी घेतले, एकाच मेस्त्रीकडून एकाच नकाशाची दोन घरं बांधली. एकाचं स्वयंपाकघर डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं, एवढाच फरक. शिवराजरावांचा नंबर सहा, रघोजींचा सात. मग सत्त्याऐंशी साल आलं. शहर मेडिकल कॉलेजच्या बाजूनं वाढत चाललं होतं, म्हणून घरांचे नंबर जुन्या टोकाऐवजी त्या टोकाकडून मोजायचं ठरलं. ओळीत बारा घरं. पहिलं घर बारावं झालं, बारावं पहिलं झालं, आणि अगदी मधल्या दोन घरांत सहाचा सात झाला, साताचा सहा.

त्या संध्याकाळी रघोजी भिंतीपाशी येऊन म्हणाले होते, "शिवा, तुज आता सात नंबर. सहा मज आला. खिडकीवर नीट सांग, नाहीतर माझी वरी भरशील."

"माझ्या आईनं कुंकू लावलेला आकडा तू घेतलास?"

"मी कुठं घेतला, डा? त्यांनी दिला."

"तुज वरीतलं काय कळतं? पुन्हा या भिंतीपाशी येऊन मज शिकवू नको."

रघोजी पुन्हा आले नाहीत. त्यांनी दारावर नियमाप्रमाणं निळी पाटी ठोकली, त्यावर पांढरा सहा. शिवराजरावांनी पितळी सहा काढला नाही, उलट चिंच लावून घासला. तेव्हापासून गल्लीत दोन सहा नंबर शेजारी-शेजारी नांदत होते आणि सात नंबर कुठंच नव्हता. पोस्टमन, दूधवाला, फुलवाली यांनी त्यातून आपापली वाट काढली. एक झाला पितळी सहा, दुसरा निळा सहा. दोन्हीकडच्या बायका, भुवना आणि अंबुजा, भिंतीवरून वाट्या देत-घेत राहिल्या. नवऱ्यांच्या अबोल्यानं त्यांच्या आंबट भाजीची चव कधी बिघडली नाही.

सगळं असंच चाललं असतं, पण शिवराजरावांची मुलगी भारती हुशार निघाली.

भारतीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जागा मिळाली. बँकेचं कर्ज मिळणार होतं, घर तारण ठेवून. त्यासाठी घराच्या वरीच्या पावत्या लागणार होत्या. बँकेतले तरुण अधिकारी प्रवीणकुमार म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कागद पूर्ण करा, सार. शुक्रवार चुकला तर पैसे वेळेत पोचणार नाहीत आणि हिची जागा जाईल."

"शुक्रवार कशाला? आत्ताच घ्या." शिवराजरावांनी रेशमी दोऱ्यानं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. बावीस सहामाह्या, एकही उशिरा नाही.

प्रवीणकुमारांनी पावत्या पाहिल्या, खरेदीखत पाहिलं, पुन्हा पावत्या पाहिल्या.

"सार, खरेदीखतात जुना नंबर सहा. नगरपालिकेच्या यादीत जुना सहा म्हणजे नवा सात. सातच्या पावत्या कुठं आहेत?"

"नवा-जुना मी मानत नाही. घराचा आकडा गोत्रासारखा असतो. बदलत नाही."

"बँक गोत्र विचारत नाही, सार." प्रवीणकुमार नम्रपणे म्हणाले. "पावतीवर मालकाचं नावही तुमचं नाही. कुणी ओडयार म्हणून आहे."

"ओडयारानंच प्लॉट पाडले. बारा घरांच्या पावत्यांवर त्याचंच नाव येतं. नाव बदलायचा अर्ज कुणीच केला नाही."

"असू दे. पण या पावत्यांवर तळमजला आणि पहिला मजला लिहिलंय. तुमच्या घराला माडी आहे?"

"नाही."

"मग माडीची वरी कशी भरता?"

टेबलावरचा पंखा एकदा या टोकाला गेला, एकदा त्या टोकाला. भारतीनं वडिलांकडं पाहिलं. शिवराजरावांच्या चेहऱ्यावर एक रेघही हलली नव्हती.

"पुढंमागं बांधीन," ते म्हणाले. "मज आगाऊ भरायची सवय आहे."

बाहेर आल्यावर भारतीला धीर धरवेना. तिची मराठी आईशी बोलताना बरी चालायची, वडिलांशी बोलताना अडखळायची. "अप्पा, म्हणजे इतकी वर्षं आपण रघू मामाच्या घराचा टॅक्स कट्टत... भरत होतो? त्यांनी ब्याण्णवला माडी बांधली तो पण?"

"रस्त्यात हिशेब नको करू. ऊन आहे."

घरी भुवनानं सगळं ऐकून घेतलं, चूल बंद केली आणि पदर खोचला. "आहो, यात काय कठीण आहे? आपल्या साताची वरी रघोजी भरत असणार. पावत्या त्यांच्याकडं असणार. मी अंबुजाला विचारते."

भिंतीवरून निरोप गेला तशी वाटीभर पायसम घेऊन उत्तर आलं. पावत्या होत्या, अकराच्या अकरा वर्षांच्या होत्या. पण त्या लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली रघोजींच्या करगोट्याला. रघोजींचं म्हणणं एकच होतं. ज्याला पावत्या हव्यात, त्यानं स्वतः येऊन मागाव्या.

"बघा, दहा पावलं आहेत," भुवना म्हणाली. "मी मोजली आहेत."

"मज त्याच्या पेटीची गरज नाही."

"तुम्हांला नाही, पोरीला आहे."

"कायद्यानं जाईन मी. रजिस्टर चुकीचं असेल तर रजिस्टर बदलायचं, माणसानं कां बदलायचं?"

त्या दुपारी शिवराजरावांनी इंग्रजीत चार पानी अर्ज लिहिला. हेडक्लार्कीतली पस्तीस वर्षं त्यांच्या हाताशी उभी होती. अर्जात त्यांनी तीन गोष्टी ठामपणे मांडल्या. सहा नंबर आपला. सहा नंबरच्या तळमजल्याची आणि माडीची वरी आपण अकरा वर्षं वेळेवर भरली. तेव्हा या घराची पाहणी करून रजिस्टर त्याप्रमाणं दुरुस्त व्हावं. खाली सही करताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ती दोनदा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचे बिल कलेक्टर सुब्रह्मण्य टेप घेऊन आले. वीस वर्षं याच वस्तीत फिरल्यामुळं त्यांना मराठी समजायची, विशेषतः भांडणातली. त्यांनी पितळी सहाचं घर आतून-बाहेरून मोजलं, वहीत लिहिलं आणि मान वर करून आकाशाकडं पाहिलं.

"फूट बरोबर आहेत, सार. माडी कुठं आहे?"

"माडी नाही."

"अर्जात तुम्ही लिहिलंय, सहा तुमचा. माडीची वरी भरली असंही लिहिलंय. आमच्या रजिस्टरातही सहाला माडी आहे. मग गेली कुठं?"

"ती शेजारी आहे."

सुब्रह्मण्यांनी शेजारी पाहिलं. रघोजींची माडी सकाळच्या उन्हात छान उभी होती, गॅलरीत अंबुजाबाईंची साडी वाळत होती.

"तुमची माडी शेजारी कशी गेली, सार?"

"माझी नव्हे. त्याचीच ती."

"मग तुम्ही तिची वरी कां भरली?"

"सुब्रह्मण्य, तुमचं काम मोजायचं. विचारायचं नव्हे."

"सरि, सार." सुब्रह्मण्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'सहा नंबरची माडी जागेवर नाही.' आणि प्रामाणिकपणाला शेवट नसतो म्हणून ते पलीकडं गेले. सहा नंबर जर पितळी सहाचा, तर निळा सहा साहजिकच सात झाला. रजिस्टरात साताला माडी नव्हती. त्यांनी लिहिलं, 'सात नंबरवर परवानगी नसलेली माडी आढळली.'

बुधवारी दोन नोटिसा आल्या. शिवराजरावांना विचारलं होतं, परवानगी न घेता माडी पाडली कां? रघोजींना विचारलं होतं, परवानगी न घेता माडी बांधली कां? दोघांनीही गुरुवारी अकरा वाजता महसूल निरीक्षकांपुढं हजर राहावं.

बातमी बारा घरांत फिरायला फुलवालीची एक फेरी पुरली. संध्याकाळी लोक फॉर्म विसरून शिवराजरावांच्या दारापुढं उभे राहिले आणि जिथं माडी नव्हती तिथं बघू लागले.

"अय्यो, अण्णा," सरस्वतीबाई म्हणाल्या, "जगाचा वारा जोरात आला काय?"

"हे सगळं उद्या सुटणार," शिवराजराव म्हणाले. "उलट बरं झालं. आता वरपर्यंत जाईल."

"वर तर काहीच उरलं नाही, अण्णा."

त्या रात्री भारती जेवली नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "अप्पा, मज नंबर नको. मज जायचं आहे."

गुरुवारी अकराला निरीक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन्ही घरं येऊन बसली. एका टोकाला शिवराजराव, दुसऱ्या टोकाला रघोजी, मधे भुवना, भारती आणि अंबुजा. रघोजी उंच, हाडकुळे, गुडघ्यावर लोखंडी पेटी घेतलेले. बोलणं सुब्रह्मण्यांमार्फत सुरू झालं.

"सुब्रह्मण्य, त्यांना विचारा, माझा आकडा ते कधी सोडणार?"

"सुब्रह्मण्य, त्यांना सांग, आकडा काही मी कमरेला बांधून आणला नाही."

"कमरेला काय बांधलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे म्हणावं."

"सार," सुब्रह्मण्य हात जोडून म्हणाले, "तुम्ही दोघंही मराठी, दोघांनाही ऐकू येतं. मधे मी तमिळ माणूस कशाला?"

आतून बोलावणं आलं. निरीक्षक कनकलताबाई पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, समोर नव्या आकारणीच्या फॉर्मचा डोंगर. त्यांनी दोन्ही नोटिसा वाचल्या, चार पानी अर्ज वाचला, शेवटच्या दोन सह्यांकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग एका कोऱ्या कागदावर बारा चौकोन काढले. चौकोनांच्या वर डावीकडून एक ते बारा लिहिलं, खाली उजवीकडून एक ते बारा.

"हे बघा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "माडी पडली नाही, माडी चोरून बांधली नाही. फक्त यांनी त्यांची वरी भरली, त्यांनी यांची. अकरा वर्षं. दोन्ही घरांची बाकी शून्य. असे दोन शेजारी मी नोकरीत पाहिले नाहीत."

भुवनानं अंबुजाचा हात दाबला.

"मी रजिस्टरात आज अदलाबदल करते. सात नंबर, जुना सहा, वरी पूर्ण, असा दाखला या मुलीला संध्याकाळपर्यंत मिळेल. बँकेला तो चालतो. ही पेटीही नको." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "फक्त चूक कशी झाली ते लिहून द्या. दोघांच्या सह्या. कारणाशिवाय फाईल बंद होत नाही."

शिवराजरावांनी पेन घेतलं. "कारण, नंबर बदलले."

"नंबर बाराच्या बारा घरांचे बदलले. दहा घरांनी चूक केली नाही. तुमचं कारण लिहा."

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा झाला. चार पानं एका बैठकीत लिहिणाऱ्या माणसाला चार शब्द सुचेनात. खिडकीबाहेर वरीची रांग सरकत होती. भारतीनं घड्याळाकडं पाहिलं, मग वडिलांकडं.

रघोजींनी पेटी खाली ठेवली, हात लांबवून कागद आणि पेन आपल्याकडं ओढलं आणि तमिळमध्ये लिहायला लागले. लिहिता लिहिता वाचतही होते. "नवा नंबर लागला तेव्हा मज, रघोजीला, नीट समजलं नाही. मी अजाणतेपणी सात नंबरची वरी भरली. त्यामुळं शेजाऱ्यांना सहाची भरावी लागली. चूक माझी." त्यांनी खाली सही केली आणि सुब्रह्मण्यांना म्हणाले, "त्यांना सांग, पोरीची जागा जायला नको."

कनकलताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खरंच अजाणतेपणी?"

रघोजींनी पेन टेबलावर ठेवलं. "खोटं बोलू नये सरकारी खोलीत. मज पहिल्याच सहामाहीला कळलं होतं. खिडकीवर म्हणाले, सहा भरून झाला, सात बाकी आहे. म्हटलं, सात तर सात. सांगायला जाणार होतो, पण भिंतीपाशी यायचं नाही असा हुकूम होता. मग माडी बांधली. वरी कधी वाढते याची वाट बघत बसलो. वाढली ती भिंतीपलीकडं. तिथून जगाच्या वाऱ्याचं भाषण ऐकू आलं, तेव्हा सांगणं आणखीच कठीण झालं."

सुब्रह्मण्यांनी वहीत तोंड लपवलं. अंबुजाबाईंना खोकला आला.

"आणि तुम्ही?" कनकलताबाई शिवराजरावांकडं वळल्या. "पहिल्या मजल्याच्या पावत्या घेत राहिलात. तुम्हांला काहीच कळलं नाही?"

"मॅडम, अप्पांना माहीत नव्हतं," भारती घाईनं म्हणाली. "प्लीज, रघू मामांनी लिहिलंय तसंच राहू द्या. अप्पा नंबरच्या बाबतीत थोडे... त्यांना खरंच माहीत नव्हतं."

शिवराजरावांनी मुलीकडं पाहिलं. मग कागद ओढला, पेन उचललं आणि रघोजींनी लिहिलेल्या ओळींवर एक सरळ रेघ मारली. सुब्रह्मण्यांकडं न बघता, भिंतीकडं न बघता, ते अकरा वर्षांनी पहिल्यांदा समोरच्या माणसाशी बोलले.

"रघू, खोडतो मी हे. तुझी चूक नव्हे."

रघोजी खोडलेल्या ओळींवर वाकले, पण शिवराजराव बोलतच राहिले.

"दुसऱ्याच सहामाहीला कळलं होतं मज. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, 'जुना नंबर सातच ना?' जुना सात म्हणजे तुझं घर, आणि तरी मी 'होय' म्हटलं. रांगेत सगळे उभे. पुढं गेलो, पैसे मोजले, पावती घेतली. वाटेत ठरवलं, घरी जाऊन तुज सांगायचं. भिंतीपर्यंत आलोही. एक वाक्य म्हणायचं होतं. ते येईना. पैसे भरणं सोपं गेलं."

भुवना नवऱ्याकडं अशी बघत होती, जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला होता.

"माडीचेसुद्धा?" रघोजींनी विचारलं.

"माडीचे जड गेले. बांधताना तरी मज विचारायचं होतंस, डा. एवढ्या मोठ्या खिडक्या मी ठेवू दिल्या नसत्या."

रघोजींच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते त्यांनी आवरलं. "आणि ते वाक्य कुठलं?"

"तुज ठाऊक आहे."

"मज ठाऊक आहे. पण बाईंच्या फाईलला लागणार."

कनकलताबाईंनी शिक्का उचलून हातात धरला आणि वाट बघत बसल्या. शिवराजरावांनी वेष्टीच्या टोकानं कपाळ पुसलं. पेन पुन्हा कागदावर टेकलं. या वेळी ठिपका मोठा व्हायच्या आत त्यांनी लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणाले,

"तुझंच खरं होतं, रघू."